माझ्या नावाची बाई

“मंगळसूत्र काढून द्या तेवढं,” बोराटे म्हणाला. “दोन मिनिटांचं काम आहे. फोटो झाला की परत.”

मांडीवर गिऱ्हाइकाची साडी होती, तिला फॉल लावत होते. सुई तशीच हातात धरून मी त्याच्याकडं बघत राहिले. आमच्या कराडच्या घराची पुढची खोली ती. एका बाजूला माझं मशीन, दुसऱ्या बाजूला ह्यांची कॉट. कॉटवर हे उठून बसले होते, इस्त्रीचा शर्ट घालून, भांग पाडून. आणि त्यांच्या शेजारी, मधे आणखी एक माणूस मावेल एवढी जागा सोडून, एक बाई बसली होती. चाळिशीची असेल. काटक, सावळी, मनगटं पुरुषासारखी. तिचं नाव छबू, एवढंच बोराट्यानं आल्या आल्या सांगितलं होतं. आता महिनाभर ती मधुरा सुधाकर थोरवडे होणार होती, म्हणजे मी.

“माझं मंगळसूत्र कशाला?” मी म्हटलं.

“अहो, बायकोच्या गळ्यात नको का?”

मी गळ्याकडं हात नेला. लग्नाच्या बावीस वर्षांत फक्त आमच्या मुलीच्या, तेजूच्या वेळी बाळंतपणात काढलं होतं ते, तेही सासूबाईंनी कुरकुर केल्यावर काळा दोरा बांधून. ह्यांनी मान खाली घातली. तेवढ्यात ती छबूच म्हणाली, “राहू द्या वहिनी. माझं हाय की माझ्या गळ्यात. दुसरीच्या नवऱ्याच्या नावाचं मी न्हाई घालणार. किडनी देईन, पण हे न्हाई.”

बोराटे हसला. मला हसू आलं नाही, पण त्या बाईचा राग यायचा होता तो जरा कमी झाला. तिच्याच काळ्या मण्यांवर फोटो निघाला. “जरा जवळ सरका साहेब,” बोराटे सांगत होता, आणि आमचे हे, ज्यांनी एसटीच्या स्टँडवर वीस वर्षं माईकवरून गाड्या पुकारल्या, ते शाळेतल्या पोरासारखे लाजून कॉटच्या कडेला चिकटून बसले होते.

ह्यांच्या दोन्ही किडन्या गेल्याला तेव्हा तीन वर्षं होत आली होती. आठवड्यातून दोनदा डायलिसिस. सकाळी न्यायचं, चार तास सुईला जखडून ठेवायचं, दुपारी पिळून काढलेल्या फडक्यागत माणूस घरी आणायचा. दुसऱ्या दिवशी जरा माणसात यायचे की तिसऱ्या-चौथ्या दिवशी परत तेच. शेवटच्या वर्षात तर हात फुगून आले, दोनदा मशीनवरच बेशुद्ध पडले. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, असं फार दिवस रेटणार नाही, किडनी बसवायचं बघा.

बघितलं ना. माझी द्यायला मी एका पायावर तयार होते. माझं रक्त बी ग्रुपचं, ह्यांचं ए. नाही जुळत म्हणाले. धाकट्या दिरांनी आधी हो म्हटलं, मग तपासणीच्या दिवशी त्यांना शेतावर काम निघालं आणि ते काम संपलंच नाही. तेजू सतरा वर्षांची, तिची कायद्यानंही चालत नाही आणि चालली असती तरी मी घेऊ दिली नसती. असं सगळं संपल्यावर डायलिसिसच्या व्हरांड्यातल्या बाकावर हा बोराटे भेटला. पूर्वी कुठल्याशा लॅबमध्ये रक्त काढायचा म्हणे. बोलायला मऊ. आपलंच कुणी आजारी असल्यासारखी चौकशी करायचा.

त्यानंच मला कायदा समजावून सांगितला. “विकायची नाही, विकत घ्यायची नाही. दोघंही आत जातात. पण द्यायला बंदी नाही वहिनी. बायकोनं नवऱ्याला दिली तर सरकार हात जोडतं. म्हणून देणाऱ्या बाईलाच बायको करायची. कागद मी बघतो. हॉस्पिटलच्या समितीसमोर बसायचं, चार प्रश्न, एक सही. तुम्ही साहेबांच्या थोरल्या बहीण म्हणून बरोबर यायचं. तुमची का देत नाही विचारलं तर सांगायचं, मला साखर आहे.”

“आणि मधुरा थोरवडे जी आहे ती? तिचं काय करायचं?”

“महिनाभर विसरायची,” तो म्हणाला.

तसं नाव बदलण्याचं मला काय कौतुक? माहेरी मी वत्सला. लग्नात ह्यांनी ताटातल्या तांदळात अंगठीनं मधुरा लिहिलं आणि वत्सला तिथंच संपली. चार दिवस कुणी हाक मारली तरी मी वळून बघायची नाही, नणंदा हसायच्या. एकदा सवय झाली होती तशी आताही होईल, असं मी मनाला सांगितलं. जीव वाचतोय ना माणसाचा, मग नावाचं काय लोणचं घालायचंय?

दुकानाचा गाळा होता माझ्या नावावर, बाजारपेठेत, छोटासा. तो विकला आणि मशीन घरी आणलं. बोराट्याला नऊ लाख द्यायचे ठरले. त्यातले थोडे आधी, बाकीचे ऑपरेशनच्या दिवशी.

छबू आमच्याकडं राहायला आली ती माझं सगळं शिकून घ्यायला. शेजारणींना सांगितलं, ह्यांच्या मावशीची सून आहे, मदतीला आलीय. तिनं पहिल्या दिवशी स्वयंपाकघरात पाऊल टाकलं आणि कणकेचा डबा पुढ्यात ओढला. हडपसरला एका खानावळीत ती पोळ्या लाटायची. असा हात मी बघितला नाही. माझी एक होईस्तोवर तिच्या चार.

“भाजी कशी करायची ते बघ,” मी म्हटलं. “ह्यांच्यासाठी पालेभाजी दोनदा उकळायची आणि दोन्ही वेळचं पाणी टाकून द्यायचं. मीठ नाही. टोमॅटो नाही. डाळीचं वरचं पाणी तेवढं.”

“मग चव काय राहिली?”

“चव घ्यायचीय का जगायचंय?”

“जगायचं कशाला मग, चव न्हाई तर?” ती म्हणाली आणि लगेच जीभ चावली. “चुकलं वहिनी. तोंडाला कुलूप न्हाई माझ्या.”

मला राग यायला हवा होता. मी हसले. किती दिवसांनी हसले देव जाणे. माझ्या घरात तीन वर्षं सगळे दबक्या आवाजात बोलत होते आणि ही बया भांडी आपटत, गाणी गुणगुणत वावरत होती. मी तिला एकेक सांगत गेले. लग्नाची तारीख. तेजूचा जन्म कुठल्या दवाखान्यात. सासऱ्यांचं नाव, सासूबाई कशानं गेल्या. ह्यांना भीती कशाची वाटते, राग आला की काय करतात. झोपताना पायावर चादर लागतेच, उन्हाळा असला तरी. ती चपात्या लाटता लाटता सगळं परत म्हणून दाखवायची आणि चुकायची नाही.

“हाक काय मारता?” तिनं विचारलं.

“अहो म्हणते.”

“मी माझ्याला नावानंच मारते. पर तो ऐकायलाच नसतो. ट्रकवर असतो, कधी गुजरात, कधी कुठं. घरी आला की जेवतो आणि झोपतो.”

“त्याला माहिताय हे?”

“किडनीचं? त्याला काय करायचंय? किडनी माझी हाय.”

तिच्या डोक्यात पक्कं होतं. तिला शटरचा गाळा घ्यायचा होता, स्वतःच्या पोळीभाजीचा. जागा बघून ठेवली होती, मोठ्या कंपनीच्या फाटकासमोर. दोन बायका हाताखाली ठेवणार, दुपारचे डबे देणार. दहा वर्षं दुसऱ्याच्या तव्यावर पोळ्या भाजून भाजून तिच्या खांद्याचा सांधा कामातनं गेला होता. “आणखी दहा वर्षांनी हात वर जाणार न्हाई,” ती म्हणायची. “तवर मालकीण व्हायला पायजे. दोन असतात ना वहिनी किडन्या? एक पुरते म्हणतात डॉक्टरसुदिक.”

बोराट्यानं आम्हा दोघींना बजावलं होतं, आपसात पैशाचं बोलायचं नाही. पण दोन बायका एका ओट्याशी उभ्या राहिल्यावर किती दिवस गप्प बसणार?

“तुला किती मिळणार?” मी विचारलं.

“तीन.”

मी तिच्याकडं वळून बघितलं. तिनं तव्यावरची पोळी उलटली. “का? तुम्ही किती देताय?”

“नऊ.”

ती पोळी करपली. छबूच्या हातून पोळी करपलेली मी तेवढीच पाहिली. वास आला तसा तिनं गॅस बंद केला, पोळी बाजूला टाकली. “सहा कशाचे?” ती म्हणाली.

“कागदाचे म्हणतो. कुणाकुणाला द्यावे लागतात म्हणतो.”

“अंग माझं, नवरा तुमचा,” ती म्हणाली, “आणि कागदवाल्याचे सहा. बरंय की.” मग तिनं गॅस पेटवला आणि पुढची पोळी टाकली. त्यावर आम्ही परत बोललो नाही. ती बोराट्याशी भांडली असती तर सगळंच मोडलं असतं, आणि ते आम्हा दोघींनाही परवडणारं नव्हतं.

समितीचं बोलावणं आलं तसं आम्ही पुण्याला गेलो. मोठं हॉस्पिटल, काचेचे दरवाजे. आत एक लांबट खोली. टेबलापलीकडं चौघं जण, मधोमध एक वयस्क डॉक्टरीणबाई, पांढरे केस, सुती साडी, डोळ्यांखाली काळं. बाजूला एक माणूस कॅमेरा लावून. सगळं चित्रीकरण होतं म्हणे, कायद्यानंच. अलीकडं आम्ही तिघं. हे मधे, एका बाजूला छबू, एका बाजूला मी. आदल्या दिवशीच डायलिसिस झालेलं, त्यामुळं हे पार गळून गेलेले. मला भीती वाटत होती ती त्यांची. छबूची नाहीच.

आणि खरंच, काय बोलली ती! नाव, वय, लग्नाची तारीख, तेजूची दहावीची टक्केवारी.

“किडनी का देताय?” एकानं विचारलं.

“नवरा हाय माझा,” छबू म्हणाली. “डोळ्यासमोर मरू देऊ का?”

“कुणी जबरदस्ती केली?”

“मला? माझ्यावर कोण जबरदस्ती करणार साहेब?”

टेबलापलीकडचे दोघं हसले. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी माझ्याकडं बघून विचारलं, “तुम्ही बहीण?” मी हो म्हटलं, साखरेचं सांगितलं. त्यांनी मान हलवली, फाइल मिटली आणि शिपायाला म्हणाल्या, “पेशंट थकलेले दिसताहेत. सगळ्यांना चहा आणा.”

माझ्या जिवात जीव आला. चहा सांगितला म्हणजे झालं काम, असंच वाटलं मला. कप आले, काठोकाठ भरलेले. डॉक्टरीणबाई शेजारच्या माणसाशी पावसाबद्दल काहीतरी बोलत होत्या. आम्ही चहा घेतला, कप खाली ठेवले. मग त्या म्हणाल्या, “ठीक आहे. बाकीच्यांनी बाहेर बसा. बहिणीनं थांबावं. आणि तो कॅमेरा बंद करा जरा.”

छबूनं जाता जाता माझ्याकडं बघितलं. मी डोळ्यांनीच सांगितलं, काही नाही, जा. टेबलापलीकडचे तिघंही चहा संपवून उठले, कॅमेरावालाही त्यांच्यामागून गेला. खोलीत आम्ही दोघीच राहिलो.

“किती वर्षं झाली लग्नाला?” त्यांनी विचारलं.

“भावाच्या? बावीस.”

“तुमच्या.”

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “बाई, तुमच्या मिस्टरांनी कप हातात घेतला आणि न बघता तुमच्याकडं धरला. तुम्हीही न बघता अर्धा चहा आपल्या कपात ओतून घेतला आणि कप त्यांना परत दिला. त्यांच्या बायकोनं तिकडं सगळा कप भरून पिऊ दिला असता. तिचं लक्षही नव्हतं.”

मी माझ्या कपाकडं बघितलं. तो भरून वाहिला होता, बशीत चहा सांडला होता. मला काही म्हणजे काही आठवत नव्हतं. ह्यांना दिवसाला मोजकं पाणी, त्यातच चहा, त्यातच डाळीचं पाणी, जास्त झालं की छातीत भरतं. तीन वर्षं ह्यांचा अर्धा चहा मी पीत आले होते. लग्नात, बारशाला, परक्याच्या घरी, कुठंही. आम्ही दोघंही ते करतो हे आम्हालाच ठाऊक नव्हतं. छबूला सगळं शिकवलं आणि हेच शिकवायचं राहिलं, कारण हे शिकवायचं असतं असं माझ्या ध्यानातच आलं नाही.

“चहा मी मुद्दाम मागवते,” त्या म्हणाल्या. “कागद सगळ्यांचेच बरोबर असतात. अलीकडं तर खऱ्या नवरा-बायकोंपेक्षा खोट्यांचे जास्त बरोबर असतात.”

मग मला रडूच फुटलं. किती दिवसांचं साचलेलं होतं. “करा पोलिसांत,” मी म्हटलं. “कंटाळले हो मी. खरंच कंटाळले. मला आत टाका, पण त्यांना वाचवा.”

“तुम्हाला आत टाकून ते वाचणार नाहीत. आणि मी कळवलं तर पहिली आत जाईल ती बाहेर बसलेली बाई. मग तुम्ही. तुमचा एजंट आत्ताच फाटकाबाहेर गेला असेल.” त्या थकल्या आवाजात बोलत होत्या, रागावून नाही. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. “आठवड्याला असे दोन-तीन येतात. कुणाची बहीण, कुणाची बायको. तुमची का नाही देत तुम्ही?”

“माझा बी. ह्यांचा ए.”

“मग तुमच्या उलटं जोडपं शोधा. नवरा बी, बायको ए. तुमची किडनी त्याला, तिची तुमच्या मिस्टरांना. चौघांचं ऑपरेशन एकाच दिवशी. कुणी कुणाला पैसे द्यायचे नाहीत.”

मी पदरानं नाक पुसत त्यांच्याकडं बघत राहिले. “असं चालतं? कायद्यात बसतं?”

“बसतं. इथंच नोंदवता येतं. अशी जोडपी डोकं धरून बसलेली असतात.”

“मला तीन वर्षांत कुणी सांगितलं नाही हो.”

“सांगून कुणाला काय मिळणार होतं?” त्या म्हणाल्या. “त्या बाईला आत पाठवा. देणाऱ्याला शेवटच्या घटकेपर्यंत नाही म्हणता येतं. तिनं नाही म्हटलं की हा अर्ज संपला. तेवढंच माझ्या हातात आहे.”

छबू आत गेली आणि लगेच बाहेर आली. व्हरांड्यात हे खुर्चीत डोळे मिटून बसले होते. बोराटे खरोखरच कुठं दिसत नव्हता, फोन लागत नव्हता. छबू माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

“न्हाई म्हणून आले,” ती म्हणाली. “म्हणाल्या, न्हाई म्हणलं न्हाई तर जेल. मग म्हणले न्हाई. काय चुकलं माझं? एक तरी उत्तर चुकलं का?”

“नाही गं. माझं चुकलं.” मी तिला चहाचं सांगितलं. आणि मग, सांगू नये ते पण सांगितलं, कारण माझ्या पोटात मावतच नव्हतं. ते उलट्या जोडप्याचं. माझीच किडनी देता येणार होती. गाळा विकलेले पैसे ऑपरेशनला उरणार होते. हे वाचणार होते. मी भराभरा बोलत सुटले होते.

तिनं सगळं ऐकून घेतलं. “म्हंजे तुम्ही तुमची देणार, आणि त्या बदल्यात तुम्हाला दुसरी मिळणार.”

“हो.”

“आणि ते कायद्यात बसतं.”

“त्या म्हणाल्या, बसतं.”

“मग माझं का न्हाई बसत?” तिचा आवाज चढला नाही. “मी पण बदल्यातच देत होते. तुम्ही माणूस घेणार, मी गाळा घेणार. माझ्या घरात कुणी मरायला टेकलेलं न्हाई, म्हणून मी गुन्हेगार व्हय?”

पैसे आले की दलाल येतो, दलाल आला की तिनाचे नऊ होतात, आणि गरिबाचं अंग बाजारात मांडलं जातं, हे मला नंतर वाचून कळलं आणि पटतंही. पण त्या व्हरांड्यात छबूसमोर ते कुणी म्हणून दाखवावं. मला आनंद झाला होता आणि तिच्याकडं बघवत नव्हतं. मी पर्समधनं हाताला लागले तेवढे पैसे काढले. तिनं माझा हात तसाच मिटवला.

“भीक नको वहिनी. धंदा हुता, मोडला. असू द्या.” तिनं ह्यांच्याकडं बघितलं. “त्यांना उठवा. मान अवघडंल.” आणि ती जिन्याकडं गेली.

उलटं जोडपं मिळायला पाच-सहा महिने गेले. तेवढ्यात ह्यांना दोनदा आयसीयूत ठेवावं लागलं, तेव्हा मला वाटलं, गेलं सगळं, छबूचं झालं असतं तर आत्तापर्यंत हे हिंडले फिरले असते. मी त्या डॉक्टरीणबाईंनाही मनात शिव्या घातल्या. खोटं कशाला सांगू? मग चाळीसगावचं एक जोडपं आलं. तो बी, ती ए. परत समिती, डॉक्टरीणबाई सोडून बाकीची माणसं बदललेली, परत तोच कॅमेरा. या वेळी चहा आला तेव्हा त्या डॉक्टरीणबाई आमच्याकडं बघतही नव्हत्या.

चौघांना एकाच सकाळी आत नेलं. ह्यांना तिची बसली, त्याला माझी. शुद्धीवर आले तेव्हा कुशीत कुणी विळा खुपसून ठेवल्यासारखं दुखत होतं, आणि नर्स येऊन म्हणाली, “काकू, तुमच्या मिस्टरांना लघवी झाली.” तीन वर्षांनी! मी तशा दुखण्यात हसले आणि हसल्यामुळं आणखी दुखलं.

टाके काढायचे होते त्याच्या आदल्या दिवशी दुपारी वॉर्डात मी एकटीच पडले होते. भावजय जेवायला खाली गेली होती. कुणीतरी कॉटशी येऊन उभं राहिलं. बघते तर छबू. हातात शहाळं.

“हडपसरनं जवळच की,” ती म्हणाली. “चौकशी केली फोनवर, म्हणले बघून यावं. साहेब कसे हायत?”

“वरच्या मजल्यावर आहेत, वेगळ्या खोलीत. बरे आहेत. जेवायला लागलेत. मीठ मागतात.” मला तिला बघून इतकं बरं वाटलं की तिचा हात मी सोडतच नव्हते. “तू कशी आहेस? खानावळीतच?”

“तिथंच.” ती स्टूल ओढून बसली. मग आवाज उतरवून म्हणाली, “दुसरी पार्टी मिळालीय. बोराटेच आला हुता. लांबचं हॉस्पिटल हाय, दुसऱ्या राज्यात. पेपर झाले. पुढच्या आठवड्यात जायचंय.”

“छबू, नको गं.”

“का? तुम्ही दिली की.”

“माझं वेगळं आहे.”

“काय वेगळं? कापायचं तर तेवढंच ना?”

मी तिला सांगितलं, बोराटे लबाड आहे, पुढं तुझं काही दुखलं खुपलं तर कुणी विचारणार नाही, कागदावर तू असणारच नाहीस. पकडली गेलीस तर जेल. ती ऐकत होती, मान हलवत होती. ज्याचं आधीच ठरलंय असा माणूस ऐकतो तसं. शेवटी म्हणाली, “वहिनी, एक काम हुतं. म्हणून आले. कुठं कापतात ते दाखवा की. बोराटे म्हणतो तीन बारकी भोकं पाडतात, आठ दिवसांत माणूस कामाला. खरं काय ते बघावं म्हणलं.”

मी आजूबाजूला बघितलं. शेजारच्या कॉटवरची म्हातारी भिंतीकडं तोंड करून झोपली होती. मी चादर खाली सारली, गाऊन वर घेतला आणि कशीबशी एका कुशीला वळले. सकाळीच पट्टी बदलताना नर्सनं ती सैल ठेवली होती. मी ती एका कडेनं सोडवली. बरगडीच्या खालून निघून पोटापर्यंत आलेली ती जखम, काळे टाके, भोवतीची सुजलेली कातडी. मला वाटलं, आता ही घाबरेल. मी मुद्दाम सगळी दाखवली.

छबू वाकली. तिनं हाताची वीत पसरली आणि अंगाला न लावता जखमेवरनं धरली. वीत पुरली नाही. तिनं पुढं बोटं मोजली, एक, दोन, तीन, चार. परत पहिल्यापासनं मोजून बघितलं.

“उचलता येतं काय हातानं? लाटता येईल?”

“तीन महिने वजन उचलायचं नाही म्हणालेत. आत ओढ लागते. खोकला आला तरी जीव जातो. छबू, ऐक माझं.”

तिनं माझी पट्टी हलक्या हातानं परत बसवली, गाऊन खाली ओढला, चादर नीट केली. मग उभी राहिली आणि पदर खांद्यावरनं घट्ट ओढून घेतला.

“एवढं मोठं असतं व्हय,” ती म्हणाली. “मग मी त्याला लई कमी सांगितले वहिनी. अजून सही झालेली न्हाई.”

आणि बोराट्याला गाठून वाढवून मागायला ती लगबगीनं निघून गेली.